बारा केमो, बारा तारखा: मध्य उपनगरातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या डे-केअरचा अनुभव

मी पोस्टात काउंटरवर बसते, एकवीस वर्षं झाली. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात गेले की माझी नजर आधी काउंटरवर जाते. माणूस वर बघून बोलतो का, कागद हातात घेतल्यावर नंबर ताडून बघतो का, पावती देतो का, जेवायला उठताना मागे कुणाला बसवून जातो का. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही जे हॉस्पिटल बघितलं, तेही मी याच नजरेने बघितलं.

२०२४ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्याला मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनापासून दहा मिनिटांवर असलेल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बारा केमो लागल्या. आजार हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. तेव्हा त्याचं वय एकतीस. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. दोन ठिकाणी त्यांचं चुकलं आणि ते मी सांगणार आहे, पण तेवढ्यावरून तिथल्या सिस्टरांना कुणी बोल लावलेला मला चालणार नाही. खाली जे लिहिलंय ते तुम्ही कुठल्याही डे-केअरला, म्हणजे दिवसभरात औषध देऊन संध्याकाळी घरी सोडतात त्या विभागात, पेशंट नेण्याआधी विचारून घेऊ शकता. माझ्याकडून पाचपैकी चार.

आधी तिथे पोचायला सहा महिने का लागले ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी आत्ता तेच चालू असेल.

२०२३ चे गणपती. भाऊ डोंबिवलीच्या ढोलपथकात वाजवतो. विसर्जनानंतर त्याने दाखवलं, डाव्या बाजूला मानेच्या खाली, हाडाच्या वरच्या खळगीत गाठ होती, लहान आवळ्याएवढी. ढोलाचा पट्टा तिथेच घासतो, त्यामुळे सुजलं असेल म्हणून आम्ही हळद लावली. गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. आम्हीही तेच धरलं.

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. आणि रात्रीचा घाम. हा घाम मी डोळ्यांनी बघितलाय. पंखा जोरात, नोव्हेंबरची हवा, आणि याचं बनियन पिळलं तर मोरीत धार लागायची. आई रात्रीतून दोनदा चादर बदलायची आणि सकाळी दोरीवर चादरींची रांग असायची. वजन ६८ वरून ५९ वर आलं. पायांच्या नडग्यांना इतकी खाज सुटायची की त्याने कंगव्याने खाजवून रक्त काढलं. उष्णता झाली म्हणून आई त्याला सब्जाचं पाणी द्यायची.

घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये गाठीत सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टात टीबीसारखी सूज असल्याचं लिहून आलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ती केशरी झाली की औषध लागू पडतंय, असं आम्ही समजत होतो. साडेतीन महिने हे चाललं. मानेवर एकाच्या तीन गाठी झाल्या, काखेत एक आली, उताणं झोपलं की खोकल्याची उबळ यायची. दर वेळी उत्तर एकच होतं, कोर्स पूर्ण करा.

त्या डॉक्टरांवर मला राग काढायचा नाही. मुंबईत मानेला गाठ आणि संध्याकाळचा ताप म्हटलं की टीबी आधी आठवणारच, इतका टीबी या शहरात आहे. पण टीबीचं औषध दोन महिने घेऊनही गाठ वाढत असेल तर थांबून परत बघायला हवं होतं, आणि ते कुणी बघितलं नाही. पुढे कळलं की ही चूक आपल्या देशात सगळीकडे होते. आपल्याकडचे लिम्फोमाचे कितीतरी पेशंट आधी टीबीच्या गोळ्या खाऊन मग कॅन्सरच्या डॉक्टरांपर्यंत पोचतात, आणि पोचेपर्यंत आजार पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो.

सुईला आजार का सापडला नाही, हे नंतर डे-केअरच्या डॉक्टरांनी समजावलं. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी फार थोड्या असतात, शंभरात एखादी. बाकी सगळी आपल्याच शरीराच्या पेशींची गर्दी असते. सुई त्या गर्दीतून चिमूटभर उचलते. त्यात ती मोठी पेशी आली नाही तर रिपोर्टात नुसती सूज दिसते, कधीकधी अगदी टीबीसारखी. म्हणून पूर्ण गाठ काढून तपासायला लागते. शेवटी कल्याणच्या एका सर्जननी हात लावून बघितलं आणि म्हणाले, ‘ही रबरासारखी लागतेय. गोळ्यांचं नंतर बघू, आधी अख्खी गाठ काढून पाठवू.’ फेब्रुवारीत गाठ काढली. अर्ध्या तासाचं काम होतं.

रिपोर्टात लिम्फोमा आला, पण नेमका कुठला यावर लॅबने शंका ठेवली होती. सर्जन म्हणाले, ब्लॉक घेऊन परळला टाटाला दाखवा. ब्लॉक म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. लॅबवाला कुरिअर करतो म्हणाला. मी नको म्हटलं. रोज शेकडो पार्सलं माझ्या हातून जातात आणि त्यातली बहुतेक सगळी नीट पोचतात, तरी हे पार्सल मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नव्हते. औषधाच्या खोक्यात कापूस घालून, पर्समध्ये ठेवून, सकाळच्या लोकलमध्ये पर्स पोटाशी धरून मी परळला गेले.

टाटा हॉस्पिटलबद्दल आपण लहानपणापासून नुसतं घाबरूनच बोलतो. म्हणून थोडं लिहिते. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. एका बाजूला केईएम, मध्ये रस्ता, आणि त्या रस्त्यावर बंगालची, बिहारची, आपल्या खानदेशची माणसं एकाच फाइलच्या आधाराने उभी. मी ब्लॉक दिला तिथल्या माणसाने चौकटीवरचा नंबर मोठ्याने वाचला, मग फॉर्मवरचा वाचला, मग माझ्याकडून वाचून घेतला आणि पावती हातात दिली. माझे डोळे भरून आले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आमचा नंबर ताडून बघत होतं.

तिथून पक्का रिपोर्ट आला. क्लासिकल हॉजकिन, मिक्स्ड सेल्युलॅरिटी, सोबत ईबीव्ही या विषाणूची खूण. हा प्रकार आणि ही खूण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळते. उपचार टाटातच घ्यायचे का, असं आम्ही तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की या आजाराची औषधं आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. घराजवळ नीट सोय असेल तर तिथे घ्या, कारण सहा महिने दर पंधरवड्याला यायचंय. अडलं तर इथे या. देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं २०१२ पासून एक जाळं आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड. उपचार सगळीकडे एकाच पद्धतीने व्हावेत हा त्याचा उद्देश. म्हणून आम्ही धीर करून ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो.

आता त्या डे-केअरबद्दल.

दुसरा मजला, चौदा खुर्च्या, चार पलंग. खुर्च्या जुन्या, रेक्झिन काही ठिकाणी फाटलेलं, पण स्वच्छ. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली. केसपेपरच्या पाठीवर माणसाचं चित्र काढलं, मध्ये एक रेघ मारली. ही रेघ म्हणजे छाती-पोटामधला पडदा. गाठी रेघेच्या एकाच बाजूला असतील तर पहिला-दुसरा टप्पा, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरा, आणि हाडाच्या मगजात, यकृतात वगैरे पसरलं असेल तर चौथा. आमचा तिसरा. त्यापुढे इंग्रजी बी काढून त्यांनी त्याला गोल केला. ताप, रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन कमी होणं, यातलं काही असेल तर बी लिहितात. आमच्याकडे तिन्ही होती. आईच्या त्या चादरींना वैद्यकीय नाव होतं आणि इतके महिने ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी सरळ सांगितलं की हा कॅन्सर बरा होतो. तिसऱ्या टप्प्यातही दहातले आठ-एक जण बरे होतात, पण उपचार वेळेवर आणि पूर्ण झाले तर. औषधं चार, १९७० च्या दशकात मिलानच्या डॉक्टरांनी बसवलेली. जुनी आहेत म्हणून स्वस्तही आहेत. दर चौदा दिवसांनी एक डोस, असे बारा. ‘आपल्याकडे पेशंट हातचे जातात ते औषध नाही म्हणून कमी, तारखा चुकतात म्हणून जास्त,’ असं ते म्हणाले. मी घरी येऊन कालनिर्णयवर बारा सोमवारांना गोल केले. १८ मार्च ते १९ ऑगस्ट.

अजून एक गोष्ट त्यांनी केली आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. केमोआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल भावाशी बोलायला हवं होतं. लग्न व्हायचंय, एकतीस वर्षांचा. मोठ्या बहिणीने हे कसं बोलायचं? त्यांच्या समुपदेशक बाईंनी मला हळूच चहाला पाठवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. या औषधांनी मूल होण्याची शक्यता फारशी जात नाही, तरी साठवून ठेवलेलं बरं, असं त्यांनी त्याला सांगितलं. परत आले तर भाऊ म्हणाला, ‘ताई, एक दिवस उशिरा सुरू करूया का, मला एका ठिकाणी जायचंय.’ मी हो म्हटलं. डॉक्टरांनी आधीचा शनिवार त्यासाठी मोकळा ठेवून दिला, त्यामुळे सोमवारही चुकला नाही. हृदयाची टूडी एको आणि कावीळ बी-एचआयव्हीची तपासणी त्याच आठवड्यात उरकली.

डोस कसा देतात ते मी बारा वेळा शेजारी बसून बघितलं. आधी उलटीचं औषध सलाईनमधून. मग लाल औषध. डॉक्सोरुबिसिन, पण तिथे सगळे लालच म्हणतात. ते बाटलीत लावून सिस्टर निघून जात नाहीत. मोठ्या सिरिंजमध्ये भरून स्वतः स्टुलावर बसतात, सलाईन जोरात सोडतात आणि नळीच्या कडेने थोडं थोडं ढकलतात. मध्येच दांडा मागे ओढून बघतात, नळीत रक्ताचा धागा आला की शीर बरोबर, मग पुढे. कारण हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, जखम महिनोन्महिने भरत नाही. दहा मिनिटं सिस्टरांची नजर त्या हातावरून हलत नाही. फोन वाजला तरी नाही, कुणी हाक मारली तरी नाही. आमच्या ऑफिसात रोकड मोजताना आम्ही असे बसतो. त्या दिवशी लघवी लाल होते, हे त्या आधीच सांगून ठेवायच्या, नाहीतर पेशंट घाबरतो. मला गोळ्यांची ती केशरी लघवी आठवली.

शेवटचं औषध डकार्बाझिन. त्याला उजेड चालत नाही, म्हणून बाटलीला काळी पिशवी घालतात. ते शिरेतून जाताना आग होते. चौथ्या डोसापासून भावाच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक आणि काळसर झाल्या होत्या, तो ओठ चावून बसायचा. सिस्टर थेंब हळू करायच्या आणि कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून हातावर ठेवायच्या. तासाचे दोन तास व्हायचे. बाहेर पेशंट थांबलेले असायचे, तरी घाई करताना त्यांना मी कधी बघितलं नाही.

आता रजिस्टर. या हॉस्पिटलला मी चार तारे देते ते मुख्यतः या रजिस्टरसाठी. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, पानावर तारीख, खाली त्या दिवशीची नावं, पुढे फोन नंबर, आणि शेजाऱ्याचा किंवा गावच्या दुकानाचा दुसरा नंबर. आदल्या दिवशी दुपारी एक सिस्टर बसून सगळ्यांना फोन लावते. ‘उद्या तुमची तारीख आहे, रक्ताचा रिपोर्ट आणा, ताप नाही ना?’ जो आला नाही त्याच्या नावापुढे लाल टिंब, आणि तो येईपर्यंत रोज फोन.

मुरबाडकडची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, आजार भावाचाच. दुसऱ्या डोसानंतर मानेची गाठ विरघळली आणि घरच्यांना वाटलं पोरगी बरी झाली. लिम्फोमात असंच होतं, गाठी लोण्यासारख्या विरतात, आणि तिथेच घात होतो, कारण आत उरलेल्या पेशी परत उठतात आणि दुसऱ्यांदा त्यांना ही औषधं तितकी लागू होत नाहीत. सिस्टरांनी वडिलांना फोन केला, उचलला नाही. दुकानात केला. मग गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला. दोन आठवडे उशिरा का होईना, ती मुलगी आली. त्या दिवशी तिची खुर्ची आमच्या शेजारी होती. वडील भिंतीला टेकून उभे होते आणि सिस्टर त्यांना न रागावता गाठ गेली म्हणजे आजार का जात नाही ते तिसऱ्यांदा समजावत होत्या.

आमच्या तारखांवर तर आभाळच उठलं होतं. १३ मेला पाचवा डोस. साडेतीनला बाहेर पडलो आणि चारच्या सुमाराला ते धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला होर्डिंग पडून माणसं गेली तो दिवस. गाड्या थांबल्या. भावाला मळमळत होतं, प्लॅटफॉर्मच्या बाकावर माझी ओढणी तोंडाला बांधून तो बसून होता. डे-केअरमधून फोन आला, पोचलात का? नाही म्हटल्यावर वॉर्डबॉय मामा रिक्षा घेऊन स्टेशनात आले आणि गाड्या सुरू होईपर्यंत आम्हाला पलंगावर झोपायला जागा मिळाली. ८ जुलैला नववा डोस, आणि त्या पहाटे मुंबईत कित्येक ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटर पाऊस. सात वाजता सिस्टरांचाच फोन, ‘निघू नका. उद्या आठला या, तुमची खुर्ची धरून ठेवते.’ एकच दिवस पुढे गेलं.

चौथ्या डोसानंतर पेट स्कॅन झाला, म्हणजे अंगात आजार कुठे उरलाय ते चमकून दाखवणारा स्कॅन. सरकारी आरोग्य योजनेबाहेर, साडेअकरा हजार आम्ही खिशातून भरले. त्यात गाठी किती चमकतात ते यकृताच्या चमकेशी ताडून एक ते पाच आकडा देतात. आमचा दोन आला. दोन म्हणजे उत्तम. त्यावर डॉक्टरांनी चारातलं एक औषध, ब्लिओमायसिन, बंद केलं. ते फुप्फुसाला त्रास देतं, आणि मधला स्कॅन साफ असेल तर पुढे ते नसलं तरी चालतं, हे २०१६ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालंय. आजार हटतोय तर एक औषध कमी करू, असं स्वतःहून म्हणणारे डॉक्टर मला फार भावले. ढोल वाजवणाऱ्याच्या छातीत दम हवा.

आता एक तारा का कापला.

दहावा डोस २३ जुलैला होता. रक्त दिलं, शीर लावली, उलटीचं औषध गेलं, आणि मग कळलं की डकार्बाझिन संपलंय. आदल्या दिवशी फोन करणाऱ्या सिस्टरला औषधाच्या स्टोअरने कळवलंच नव्हतं. तारखांचं रजिस्टर इतकं चोख, आणि औषधाच्या साठ्याचं कुणी बघत नाही. शीर काढून आम्हाला घरी पाठवलं, बाहेर मिळालं तर आणा म्हणाले. मी अर्जित रजा टाकून दोन दिवस दुकानं पालथी घातली, शेवटी परळला एका औषधाच्या दुकानात मिळालं. डोस २७ ला झाला. बिलाचे पैसे हॉस्पिटलने तीन आठवड्यांनी परत दिले, ते ठीक. पण ज्याच्या घरी दुकानं हिंडणारी बहीण नाही त्याचं काय झालं असतं? मी लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, आणि नंतरच्या दोन डोसांना औषध दोन दिवस आधी नाव घालून बाजूला काढलेलं होतं.

दुसरं म्हणजे योजनेचं काउंटर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भावाची केमो बसली. केशरी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट यावर काम झालं. योजना फार मोठा आधार आहे, आता तर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र एकच. ते रजेवर गेले की खिडकी बंद, आणि मंजुरी नाही तोवर डोस सुरू होत नाही. सहाव्या डोसाला आम्ही नऊपासून दीडपर्यंत फाइल घेऊन उभे होतो. एकवीस वर्षांत मी जेवायला उठताना काउंटर मोकळा सोडला नाही. एक माणूस आजारी पडू शकतो, खिडकी पडता कामा नये. तुम्ही योजनेतून जाणार असाल तर मंजुरी दोन दिवस आधी लागलीय का ते फोनवर विचारून घ्या.

बाकीचं थोडक्यात. चहा बरा, कॅन्टीनची इडली आंबट. एसी थंडगार असतो, शाल न्या. सोमवारी गर्दी, शनिवारी निवांत.

शेजारच्या खुर्च्यांवर बहुतेक नॉन-हॉजकिनवाले, म्हणजे लिम्फोमाच्याच दुसऱ्या जातींचे. महाडचे एक काका होते, त्यांना डीएलबीसीएल, म्हणजे मोठ्या बी पेशींचा, भराभर वाढणारा. त्यांचं चक्र एकवीस दिवसांचं, औषधांत रिटुक्सिमॅब. पहिल्या वेळी त्यांना अशी हुडहुडी भरली की खुर्ची हलत होती. सिस्टरांनी थेंब थांबवले, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने परत हळू सुरू केले. संध्याकाळचे सात वाजले पण औषध पूर्ण गेलं. रिटुक्सिमॅबच्या आधी कावीळ बीची तपासणी करायलाच हवी, दबलेली कावीळ या औषधाने उसळते. ‘केली का’ असं आपण तोंडाने विचारायचं. हे औषध परदेशातून यायचं तेव्हा आपल्या माणसांच्या आवाक्यात नव्हतं. २००७ मध्ये भारतीय कंपनीने त्याच जातीचं औषध काढलं तेव्हापासून महाडच्या काकांसारखे लोक ते घेऊ शकतात. आजार उलटलेल्या एका बाईंना डॉक्टर आयआयटी आणि टाटाने मिळून केलेल्या सीएआर-टी उपचाराबद्दल सांगत होते, त्यात पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढून, कॅन्सरशी लढतील अशा बदलून परत देतात. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी खर्च लाखांत, काही लाखांत नाही, कित्येक लाखांत. त्या बाई ऐकून घेत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

येण्याजाण्याचं. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा दाखला जवळ ठेवा. कुणी उठवायला लागलं तर शांतपणे दाखवा. लांबच्या गाडीलाही पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटलात मिळतो. गावाहून येणाऱ्यांनी राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करावी. पेशंटच्या फाइलवर प्रवेश मिळतो, जागा लवकर भरतात.

ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. आमच्यावर ही वेळ एकदाच आली, सातव्या डोसानंतर रात्री अडीचला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी अँटिबायोटिक सुरू केलं. त्यांना डे-केअरने शिकवून ठेवलं होतं.

बारावा डोस २४ ऑगस्टला संपला. ऑक्टोबरचा पेट साफ आला. त्या वर्षी गणपतीत भाऊ ढोल बांधायला उभा राहिला नाही, हातातल्या शिरा अजून दुखत होत्या. तो झांजा घेऊन पथकाच्या कडेने चालला. पुढच्या वर्षी ढोल बांधला, पट्टा डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर घेऊन, कारण डावीकडे गाठ काढल्याचा व्रण आहे. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आदल्या दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन अजूनही येतो, ‘उद्या तारीख आहे, ताप नाही ना?’